वर्ग हातातून सुटतो तो नेमका कुठल्या मिनिटाला?

पत्र:

मी आठवीला विज्ञान शिकवते. नोकरीचं हे दुसरं वर्ष. वर्गात ४८ मुलं-मुली आहेत. विषय मला मनापासून आवडतो, तयारी करून जाते, पण वर्ग आवरत नाही. सुरुवातीची दहा-बारा मिनिटं गृहपाठ बघण्यात जातात, तोवर मागे कलकलाट सुरू होतो आणि मग पूर्ण तास मी 'शांत बसा, शांत बसा' एवढंच ओरडत असते. आवाज बसलाय. शेवटच्या बाकावर एक मुलगा बसतो. वहीत काही लिहीत नाही, तोंडी विचारलं तर मात्र पटकन बरोबर सांगतो. मी रागावले की 'मी एकटाच दिसतो का तुम्हाला?' म्हणतो आणि सगळा वर्ग हसतो. त्याला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं, घरी दोनदा फोन केला. फरक नाही. मागच्या आठवड्यात वैतागून मी अख्ख्या वर्गाचा खेळाचा तास बंद केला, तर जी मुलं माझ्या बाजूची होती तीही आता तोंड फिरवून बसतात. मुख्याध्यापिका नुसत्या दारात आल्या तरी वर्ग चिडीचूप होतो. सहकारी म्हणतात, 'तुमचा वचकच नाही, पहिल्या दिवशी हसलात तिथेच चुकलात.' कुणी म्हणतं, एकदा दोन ठेवून द्या. मी मुळात या कामाची नाही का?
— एक शिक्षिका

उत्तर:

नमस्कार ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्ही या कामाच्या आहात. जिला आपला विषय आवडतो, जी तयारी करून वर्गात जाते आणि कोणती मुलं आपल्यापासून दुरावली हे जिच्या लक्षात येतं, तिच्याकडे शिकवण्याचं मूळ भांडवल आहे. वर्ग चालवणं हे वेगळं काम आहे आणि ते शिकता येतं. वचक घेऊन कुणी जन्माला येत नाही.

मुख्याध्यापिकांशी स्वतःची तुलना करणं मात्र थांबवा. त्या दारात येतात, दोन मिनिटं थांबतात आणि जातात. तेवढ्या वेळात त्यांना काही शिकवायचं नसतं, वह्या बघायच्या नसतात, ४८ जणांकडून काम करून घ्यायचं नसतं. त्यांची पाठ वळली की ती शांतता संपते. तुम्हाला हवी आहे ती शांतता दुसरी आहे, मुलं कामात गुंतल्यामुळे येणारी. तिच्यात थोडी कुजबुज असते, मध्येच कुणी शंका विचारतं. 'हाताची घडी, तोंडावर बोट' करून बसलेला वर्ग बाहेरून छान दिसतो, पण त्या अवस्थेत कुणी विज्ञान शिकत नाही.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य घेते, जे तुम्ही ओघात लिहून गेलात. 'सुरुवातीची दहा-बारा मिनिटं गृहपाठ बघण्यात जातात.' मला वाटतं, दुखणं तिथे आहे. तुम्ही एका बाकाशी उभ्या राहून एका मुलाची वही बघता, त्याच्याशी बोलता. त्या वेळी उरलेल्या ४७ जणांनी काय करायचं, हे कुणी सांगितलेलं नाही. तेरा-चौदा वर्षांची मुलं आधीच्या तासाचा शीण घेऊन बसलेली, शेजारी मित्र, समोर काम नाही. ती बोलणारच. त्यात तुमचा अपमान करण्याचा हेतू नसतो, रिकामा वेळ भरला जात असतो. पण तुमचं बघून होईपर्यंत 'हा तास असा असतो' हे वर्गाने ठरवून टाकलेलं असतं. मग तुम्हाला शिकवायला सुरुवात करण्याआधी आधीचा कार्यक्रम बंद पाडावा लागतो, आणि आवाज बसतो तो तिथे.

जेकब कूनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं चित्रीकरण करून हाच प्रश्न तपासला आणि १९७० साली निष्कर्ष मांडले. शिक्षक मुलांना कसं रागावतात, म्हणजे कडक शब्दांत, सौम्यपणे, स्पष्टपणे, यावर वर्गाची वागणूक ठरते का, हे त्याला बघायचं होतं. तसा संबंध त्याला सापडला नाही. चांगले चालणारे वर्ग आणि गोंधळाचे वर्ग यांतला फरक रागावण्याची वेळ येण्याच्या आधी पडत होता. चांगल्या वर्गातल्या शिक्षकाचं सगळीकडे लक्ष असायचं आणि ते आहे हे मुलांना जाणवायचं. एकाकडे बघतानाही दुसरीकडचं काम त्याच्या नजरेतून सुटत नसे. एका कामातून दुसऱ्या कामात वर्ग नेताना मध्ये खिंडार पडत नसे. आणि जे काम सगळ्यांना एकदम देता येतं, ते तो एकेकट्याकडून करून घेत बसत नसे. तुमचं गृहपाठ बघणं नेमकं या शेवटच्या प्रकारात मोडतं.

म्हणून पहिला बदल तिथेच करा. उद्यापासून तास सुरू होताना फळ्यावर एक प्रश्न लिहिलेला असू दे. कालच्या धड्यावरचा, तीन-चार मिनिटांत वहीत सोडवता येईल असा, वर्गातल्या बहुतेकांना जमेल एवढाच अवघड. आधीच्या तासाच्या शिक्षकांमुळे फळा मिळत नसेल तर प्रश्न मोठ्या कागदावर लिहून न्या. रोज तीच जागा, तीच पद्धत. पहिले काही दिवस वर्गाला हे शिकवावं लागेल. आत आल्यावर वही काढायची, प्रश्न उतरवायचा, सोडवायचा. 'सांगितलं तर होतं' असं म्हणून चालत नाही. प्रयोगाची कृती शिकवता तशी ही कृतीही करून दाखवा, करून घ्या, चुकलं तर शांतपणे पुन्हा करून घ्या. मुलं लिहीत असताना तुम्ही बाकांमधून फिरा. हजेरी मान वर करून, नजरेने घ्या.

आणि गृहपाठ? रोज सगळ्यांचा बघण्याची गरज नाही. पूर्ण झाला की नाही एवढं त्या तीन-चार मिनिटांत चालता चालता दिसतं. नीट तपासायला रोज आठ-दहा वह्या गोळा करून न्या, कुणाच्या ते आधी जाहीर करू नका. आठवडाभरात सगळा वर्ग तुमच्या हाताखालून जातो आणि वर्गातला एकही मिनिट त्यात जात नाही.

दुसरी फट असते ती वर्गाकडे पाठ करण्याची. आकृती काढायला सात-आठ मिनिटं सलग पाठ फिरवली की मागे काय चालेल हे तुम्हाला माहीत आहे. मोठी आकृती आधी कागदावर काढून आणा, किंवा टप्प्याटप्प्याने काढा. दोन रेषा, वळून एक प्रश्न, पुन्हा दोन रेषा. तिसरी फट घंटा व्हायच्या आधीची पाच मिनिटं, जेव्हा शिकवून संपलेलं असतं आणि दप्तरं आवरायला सुरुवात होते. त्या वेळेसाठीही एक छोटं काम हाताशी असू दे. तुमच्या वर्गात आणखी कुठे फटी आहेत हे मला इथून दिसणार नाही. चार-पाच तास फक्त एवढंच टिपून ठेवा, गोंधळ सुरू झाला तेव्हा कितवं मिनिट होतं आणि त्या क्षणी वर्गाच्या हाताला काय काम होतं. कोण बोललं हे लिहूच नका. नावांच्या यादीतून काही हाती लागत नाही, मिनिटांच्या यादीतून पुष्कळ लागतं.

आता त्या 'शांत बसा'बद्दल. १९६८ साली अमेरिकेत पहिलीच्या एका वर्गात एक साधा प्रयोग झाला. मुलं सारखी जागेवरून उठत होती, म्हणून शिक्षिका 'खाली बसा' म्हणत. संशोधकांनी त्यांना हे म्हणण्याचं प्रमाण वाढवायला सांगितलं. मुलं जास्त उठू लागली. नीट काम करणाऱ्यांचं कौतुक वाढवलं तेव्हा उठणं कमी झालं. मुलांना शिक्षकाचं लक्ष हवं असतं. ते उभं राहिल्यावर मिळत असेल तर ती उभी राहतात. तुमची मुलं मोठी आहेत, पण गणित तेच आहे. आज तुमच्या वर्गात तुमचं लक्ष कुणाला मिळतं? बोलणाऱ्याला. लिहिणाऱ्या मुलीला पूर्ण तासात तुमचा एक शब्दही मिळत नाही.

सूचना द्यायची तेव्हा काय करू नये हे सांगण्यापेक्षा काय करायचं ते सांगा. 'बोलू नका' या सूचनेनंतर मुलाच्या हाताला काहीच काम येत नाही. 'वही उघडा, तिसरा प्रश्न, दोन ओळींत उत्तर' यात येतं. गोंगाटावर आवाज चढवून बोलू नका, कारण तसं केलं की गोंगाट चालू असतानाही मॅडम शिकवतात, हे मुलांना कळतं. मध्यभागी उभ्या राहा, थांबा, बहुतेकांच्या नजरा येऊ द्या, मग हळू आवाजात एकच वाक्य बोला. ते बोलून झाल्यावर पुन्हा थांबा. ही दुसरी वेळ नवख्या शिक्षकांना फार अवघड जाते, कारण शांतता पडली की ती भरून काढावीशी वाटते. मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात मोजून पाहिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबायला लागल्यावर उत्तरं लांब आणि विचार केलेली येऊ लागली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली आणि शिस्तीसाठी टोकण्याची वेळही कमी आली. मनातल्या मनात तीन अंक मोजा. सुरुवातीला ते खूप लांबल्यासारखे वाटतील.

नियम मोजके ठेवा, तीन किंवा चार. नियम मोडला की काय होणार तेही आधी सांगून ठेवा. ते छोटं असू दे, पण दर वेळी होऊ दे, आणि ज्याच्या हातून घडलं त्याच्यापुरतं असू दे. 'पुढच्या वेळी बघतेच' हे वाक्य सात वेळा म्हणून आठव्या वेळी मोठी शिक्षा केली, की मुलांना ती अन्याय वाटते. त्यांच्या बाजूने ते खरंही असतं, सात वेळा चाललेलं आज अचानक का चालत नाही हे त्यांना समजत नाही. जागा बदलणं, अपुरं राहिलेलं काम सुट्टीतल्या पाच मिनिटांत पूर्ण करून घेणं, तास संपल्यावर दोन मिनिटं थांबून बोलणं, एवढं बहुतेक वेळा पुरतं.

अख्ख्या वर्गाला केलेली शिक्षा मात्र मागे घ्या. मनातून नव्हे, वर्गासमोर बोलून. 'ज्यांनी गोंधळ केला नव्हता त्यांचाही खेळाचा तास गेला. ते बरोबर नव्हतं. तो तास तुम्हाला परत मिळेल.' एवढंच, लांबण न लावता. तुमच्या बाजूची मुलं त्याच दिवसापासून दुरावली आहेत. नीट वागून आपल्याला काही मिळत नाही हे त्यांनी पाहिलं. असं मागे घेतल्याने तुमचा मान कमी होईल अशी भीती वाटत असेल, तर ती काढून टाका. तेरा वर्षांच्या मुलांना न्यायाची जाण फार तीव्र असते, आणि न्याय करणाऱ्या मोठ्या माणसाचं ती ऐकतात.

दोन ठेवून देण्याच्या सल्ल्याला माझं उत्तर नाही असंच आहे, एकदाही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातल्या २८व्या कलमात शाळेतली शिस्त मुलाच्या माणूस म्हणून असलेल्या प्रतिष्ठेला धरूनच असावी, असं लिहिलं आहे. जगातल्या बहुतेक सर्व देशांनी तो करार मान्य केला आहे. पण करार बाजूला ठेवला तरी वर्गात काय होतं ते बघा. मार खाल्लेलं मूल मार कसा चुकवायचा ते शिकतं, धडा शिकत नाही. बघणारी उरलेली मुलंही मनातून शिक्षकापासून लांब जातात. आणि त्या मुलाशी विश्वासाने बोलण्याची तुमची वाट कायमची बंद होऊ शकते. ती वाट तुम्हाला लागणार आहे.

कारण आता त्या शेवटच्या बाकाकडे येऊ. 'मी एकटाच दिसतो का तुम्हाला?' हे वाक्य तो तुमच्यासाठी म्हणत नाही, तो ते वर्गासाठी म्हणतो. वर्ग हसतो तेव्हा त्याचं काम झालेलं असतं. तुम्ही समोरून उत्तर दिलंत की प्रयोग रंगतो, आणि त्यात जिंकणं तुम्हाला शक्यच नसतं. तो हरला तर सगळ्यांसमोर हरतो, म्हणून तो हरणार नाही. तेव्हा त्याचा प्रेक्षक काढून घ्या. काही सांगायचं असेल तर चालत त्याच्या बाकापाशी जा, थोडं वाका आणि फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात एक वाक्य बोला. 'पुस्तक उघड, मी थोड्या वेळाने येते.' आणि लगेच पुढे निघा. तो तुमच्यासमोर पुस्तक उघडतो का हे बघत तिथे उभ्या राहू नका. तुम्ही चार पावलं गेल्यावर उघडणं त्याला सोपं जातं. १९७०च्या सुमाराला काही वर्गांत हे मुद्दाम करून पाहिलं होतं. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं रागावण्याऐवजी फक्त त्या मुलाला ऐकू जाईल असं बोलल्यावर बहुतेक मुलांचा त्रास देणं कमी झालं.

तरीही तो सगळ्यांसमोर ते वाक्य टाकेल. तेव्हा चेहरा साधा ठेवून 'यावर आपण तास संपल्यावर बोलू' म्हणा आणि त्याच श्वासात वर्गाला पुढचा प्रश्न द्या. तास संपल्यावर नक्की बोला, टाळू नका. दारापाशी, उभ्याउभ्या, एकट्याशी. माफी मागायला लावू नका. त्याच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. 'तू विचारलंस, मी एकटाच दिसतो का. गेल्या आठवड्यात मी तुझं नाव खूपदा घेतलं, हे खरं आहे. मला ते कमी करायचंय. तुझ्याकडून मला तासाची पहिली पाच मिनिटं हवी आहेत, फळ्यावरच्या प्रश्नासाठी.' मागणी एवढी लहान ठेवा की ती त्याला पूर्ण करता येईल. वर्गाबाहेर उभं करणं सोडून द्या. ज्याला तासातून सुटका हवी आहे त्याला ती मिळते, आणि बुडालेला धडा वाढत जातो.

कुणी तुम्हाला 'त्यालाच मॉनिटर करा' असंही सांगेल. मला हा सल्ला फारसा पटत नाही. मित्रांवर लक्ष ठेवायची जबाबदारी आली की तो मित्रांतून तरी तुटतो किंवा त्या पदाचा दरारा म्हणून वापर करतो. काम द्या, पण दुसऱ्यांच्या डोक्यावर बसवणारं नको. प्रयोगाचं साहित्य मांडणं, चुंबक वाटणं, मापं घेऊन सांगणं हे चालेल.

पहिल्या दोन आठवड्यांत त्याचं वागणं आधी बिघडू शकतं. हसणारा प्रेक्षक कमी झाला की माणूस आवाज वाढवून पाहतो. त्या टप्प्यावर बहुतेक शिक्षक 'याचा उपयोग होत नाही' म्हणून जुन्या मार्गाला परततात. तुम्ही परतू नका. सहकाऱ्यांना हसण्यावरून बोलू द्या. हसण्याने वर्ग सुटत नाही. आज एक आणि उद्या दुसरंच, अशा वागण्याने सुटतो. मुलांची मैत्रीण व्हायची गरज नाही, त्यांना मित्र आहेत. त्यांना वर्गात रोज सारखं वागणारं एक मोठं माणूस हवं आहे, आणि ते हसरं असलं तर उत्तमच.

घरी तुम्ही दोनदा फोन केलात, दोन्ही वेळा तक्रारीसाठी केला असावा. तिसरा फोन तक्रारीचा नको. त्याने तोंडी दिलेलं एखादं चांगलं उत्तर सांगायला करा. ते खरं असलं पाहिजे, आणि तुमच्याकडे तसं खरं आहे. मग विचारा, घरी काही बदललं आहे का, झोप नीट होते का, अभ्यासाला बसतो तेव्हा काय अडतं. आणि उत्तर ऐकून घ्या.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते तुमचं 'वहीत लिहीत नाही, तोंडी पटकन सांगतो' हे वाक्य. डोकं चालतंय, मग हात का चालत नाही? आळस हे उत्तर सर्वांत शेवटी धरा. शेवटच्या बाकावरून त्याला फळा स्पष्ट दिसतो का, हे आधी बघा. डोळे मिचकावतो का, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो का? जागा बदलून पुढे आणा, पण एकट्याला नको. शिक्षा वाटणार नाही अशा पद्धतीने दर पंधरवड्याला सगळ्या वर्गाच्याच जागा फिरवा. त्यानंतर एकदा कुणी नसताना त्याला पाठ्यपुस्तकातला अनोळखी परिच्छेद मोठ्याने वाचायला द्या आणि चार ओळी सांगून लिहून घ्या. तो अडखळत वाचत असेल, अक्षरं गाळत असेल, ओळ हरवत असेल, किंवा आठवीपर्यंत आलेल्या मुलाला न शोभणाऱ्या चुका लिहिताना होत असतील, तर वाचन-लेखनाची अडचण असण्याची शक्यता धरा. अशी मुलं 'मला वाचता येत नाही' हे कळू देण्यापेक्षा 'मी वात्रट आहे' हे कळलेलं पत्करतात. वर्गाला हसवणं त्यांना त्यातल्या त्यात सोपं जातं.

तसं आढळलं तर निदान तुम्ही करू नका, कारण ते तज्ज्ञाचं काम आहे. शाळेतल्या समुपदेशकांशी किंवा विशेष शिक्षकांशी बोला. ते नसतील तर मुख्याध्यापिकांना घेऊन पालकांशी बोला आणि त्याची तपासणी होईल असं बघा. त्याच्या मागच्या इयत्तांच्या शिक्षकांनाही विचारा, त्यांना काही दिसलेलं असू शकतं. तोवर वर्गात त्याला मोठ्याने वाचायला उभं करू नका. त्याची निम्मी उत्तरं तोंडी घ्या, लेखी कामात पूर्ण उत्तराऐवजी आकृती आणि चार शब्द चालतील असं त्याला एकट्याला सांगा, आणि तपासताना विज्ञान बरोबर असेल तर शुद्धलेखनाचे गुण कापू नका.